घरच्या गाण्याच्या बैठकीच्या नोंदी, अंबाजोगाई

४ जानेवारी

आज घरात पक्कं ठरलं, महिनाअखेरीला आपल्या हॉलमध्ये गाण्याची बैठक घ्यायची. कार्यक्रम नाही, बैठक. म्हणजे चार जण गाणारे आणि बाकीचे खुर्च्यांवर बसून वा वा करणारे असं नको, जो येईल त्यानं गायचं, आवाज कसाबी असू दे. पंधरा-सोळा माणसं धरलीयेत, बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या की तेवढी नीट बसतात, त्याच्या वर गेलं की दुसरी ओळ तयार होते आणि दुसऱ्या ओळीतला माणूस आपोआप ऐकणारा होतो.

माईक नाही हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवते कारण भाचा म्हणला मावशी माझ्याकडं ब्लूटूथ स्पीकर आणि दोन माईक आहेत, आणतो, कराओके लावू. पोरगं मनापासून म्हणायलं होतं. पण माईक हातात आला की एकाचाच आवाज मोठा होतो आणि बाकीच्यांना वाटतं आपण आता गप बसावं. कराओकेची अजून एक अडचण म्हणजे ट्रॅक बहुतेक मूळ गायकाच्या पट्टीत असतो, आणि सिनेमातल्या गायिकांच्या पट्टीत आपल्या गल्लीतल्या बायका कुठून गाणार. अंताक्षरीपण नको. तिच्यात गाणं पहिल्या ओळीवरच सोडून द्यावं लागतं आणि सगळं लक्ष पुढच्या अक्षरावर. मला गाणं पूर्ण म्हणायचंय, सगळ्यांनी मिळून, अंतऱ्यासकट.

६ जानेवारी

तारीख ३१ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी साडेसहा ते नऊ. वरच्या मजल्यावरच्या भाभींचा मुलगा बारावीला आहे, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, म्हणून फेब्रुवारीत जायचंच नाही आणि नऊच्या पुढं ओढायचं नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत आहे (२००० सालचे नियम), आपल्याकडं तर स्पीकरच नाही, पण भिंतीला भिंत असलेल्या घरात नियमापेक्षा शेजाऱ्याच्या पोराचा अभ्यास मोठा. भाभींना जाऊन विचारलं. त्या म्हणल्या, "अहो त्यालाच दोन तास खाली पाठवते, किती वाचंल बिचारा."

गच्चीचा विचार सोडला. जानेवारीत सातनंतर गच्चीवर थंडी झोंबते, घसा आखडतो, आणि उघड्यावर आवाज परत येत नाही त्यामुळं प्रत्येकाला आपण एकटेच गायलोय असं वाटतं. बंद हॉलमध्ये स्लॅबखाली आवाज घुमतो, नवख्या माणसाला तो घुमारा फार आधार देतो.

९ जानेवारी

गाण्यांची यादी हे या सगळ्यातलं खरं काम आहे. दोन दिवस वही घेऊन बसलेय आणि एक गोष्ट स्पष्ट दिसायलीय, आवडतं गाणं आणि मिळून गाता येणारं गाणं ही दोन वेगळी आहेत. माझी कित्येक आवडती भावगीतं यादीतून गेली. त्यांच्यात हरकती आहेत, मधेच थांबे आहेत, दोन कडव्यांच्या मधे म्युझिकचा मोठा तुकडा आहे जो वाजवायला आपल्याकडं कोणी नाही, मग त्या जागी सगळे एकमेकांकडं बघत बसतात.

आणि मिळून गायचं म्हणलं की आपल्या भागात शोधायला लांब जायची गरजच नाही. देवीच्या भक्तांची, म्हणजे आराध्यांची गाणी बघा, तुळजापूरच्या वाटेवर ऐकत मोठे झालो आपण, एक जण पुढं सांगतो आणि मेळा मागं धरतो. गोंधळात झील धरणारे, म्हणजे मागून ध्रुवपद उचलणारे असतात. पैठणच्या नाथांची भारुडं, त्यांच्यात ध्रुवपद सगळ्यांचं आणि कडवं सांगणाऱ्याचं. भजनातपण बुवा ओळ टाकतो, टाळकरी उचलतात. या सगळ्या रचना ज्याला गाणं येत नाही त्याला डोळ्यासमोर ठेवूनच झाल्यात असं मला वाटतं, कारण मागं धरणाऱ्याला फक्त दोन ओळी पाठ असाव्या लागतात आणि त्या दोन ओळी पहिल्या पाच मिनिटांत पाठ होतातच.

तर यादीची अट अशी ठेवली की ध्रुवपद दोन ओळींच्या वर नको, चाल एकदा ऐकून उचलता यावी, आणि कडवं चुकलं तरी ध्रुवपदावर परत येऊन सावरता यावं. या अटीत आराधी गाणी, भारूड, गवळणी, नागपंचमीच्या फेराची गाणी, दोन भीमगीतं, पाच-सहा जुनी हिंदी गाणी आणि एक कव्वाली बसली. एकूण वीस निवडली. अडीच तासांत मधली सुट्टी धरून एवढी पुष्कळ झाली, उलट चार-पाच उरतीलच.

११ जानेवारी

पेटीची सोय झाली. गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटी मंगळवारपर्यंत रिकामी असते, मामांनी (तेच मंडळात वाजवतात) स्वतःच विचारलं, "मला बोलवायलीस का नुसती पेटी न्यायलीस?" दोन्ही म्हणलं. भाता चांगला आहे, मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की वर येत नव्हती, त्यांनी वरची फळी काढून धूळ झटकली, झालं काम. मामांचं मोठेपण हे की ते गाण्याला धरून वाजवतात, मधल्या जागा आपल्या बोटांनी भरत बसत नाहीत.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली, आजपासून हळदीकुंकवाला जाणं-येणं चालू. रथसप्तमीपर्यंत घरोघरी बायका भेटतात, बोलावण्याला याच्यापेक्षा चांगली वेळ नाही. प्रत्येकीचं पहिलं उत्तर एकच, "मला कुठं गाता येतं गं." मी एकच विचारायलेय, पाळणा कोण म्हणायचं तुमच्या घरी? मग लगेच, "ते काय, ते मीच म्हणायची की."

समोरच्या आजींकडं आज तासभर बसले. त्यांना जात्यावरच्या ओव्या कितीतरी येतात, पण "जातं नाही तर ओवी कशी म्हणू" असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे, ओवी हाताच्या फेऱ्यावर चालते, हात थांबला की चाल सुटते. त्यांना म्हणलं आम्ही तुमच्या समोर बसून मांडीवर थाप देऊ त्याच लयीत, चालंल का? विचार करून सांगते म्हणल्या. ओवी बैठकीला फार योग्य आहे, दोन ओळींची, चार-पाच सुरांत फिरणारी, आणि मुळातच दोघींची, एकीनं म्हणायची दुसरीनं धरायची. त्यांना फोनवर आपल्याच बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐकवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या संग्रहातल्या आहेत, आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकायला मिळतात, महाराष्ट्रभरच्या मिळून लाखाच्या वर ओव्या आहेत त्या संग्रहात. आजी ऐकता ऐकता त्याच चालीत आपली ओवी जोडायला लागल्या. म्हणजे येणार.

१८ जानेवारी

आज घरातले आणि शेजारचे मिळून सहा-सात जण बसवून तीन-चार गाणी म्हणून बघितली. आजची नोंद मोठी आहे, पण ही गोष्ट कळली नाही तर बाकी सगळी तयारी फुकट जाते.

मामांनी सवयीनं काळी एक धरली, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी सा मानून वाजवायला लागले. मुखड्याला सगळे खणखणीत. अंतरा आला, चाल वर चढली आणि बायका एकेक करून गप झाल्या, कोणी हसलं, कोणी खालच्या सप्तकात उतरून पुटपुटायला लागलं, कडव्याच्या शेवटी फक्त मामा आणि आमचे हे. यात गाता येत नाही असं काही नव्हतं, ती पट्टीच त्यांची नव्हती. माणसांना साधारण पांढरी एक, काळी एक, फार तर काळी दोन जमते. बायकांची पट्टी काळी चार-काळी पाचच्या आसपास. भजनी मंडळं माणसांची, त्यामुळं पेटी कायम काळी एकवर, आणि त्याच पेटीवर बायकांनी गायचं म्हणलं की अंतऱ्याला त्यांना एकतर ओरडावं लागतं नाहीतर सोडून द्यावं लागतं. किती जणींनी असंच एखाद्या आरतीत आवाज फाटल्यावर "मला गाता येत नाही" हे कायमचं ठरवून टाकलं असंल.

मग मामा आणि मी बसून हिशोब केला. पट्टी मुखड्यावरून ठरवायची नाही, अंतऱ्याचा सगळ्यात वरचा सूर कोणता ते आधी बघायचं. साध्या, रियाज नसलेल्या आवाजाला वर पांढरी दोनपर्यंत आरामात जाता येतं, बायका त्यांच्या सप्तकात, माणसं त्यांच्या. त्याच्या पुढं जोर लागतो. म्हणजे ज्या गाण्याचा अंतरा वरच्या गंधाराला, म्हणजे ग ला जातो त्याचा सा काळी पाचवर धरला की वरचा ग बरोबर पांढरी दोनवर येतो. जे गाणं वरच्या षड्जावरच, म्हणजे सा वरच थांबतं ते पांढरी एकवर घेतलं तरी चालतं, काळी एकवरपण. आणि बहुतेक मधल्या गाण्यांना पांढरी सात (पांढरी एकच्या लगेच खालची पट्टी) हा सगळ्यांना पेलणारा सा निघाला. माणसांना थोडा खाली वाटतो, मामांनी तोंड वाकडं केलं, पण परत तेच गाणं पांढरी सातवर म्हणलं तर माझ्या जाऊबाई, ज्या मघाशी गप झाल्या होत्या, त्यांनी अख्खा अंतरा डोळे मिटून म्हणला. मामांनी काही न बोलता पुढचं गाणंपण तिथंच धरलं.

२१ जानेवारी

वीसही गाण्यांच्या पुढं पट्टी लिहून काढली. खाली फार उतरणाऱ्या दोन गवळणी आहेत त्यांना उलट जरा वर घेतलं, नाहीतर माणसांचा आवाज तळाला बसतो. एकाच पट्टीत सगळं बसवायचा हट्ट नाही.

यातून तबल्याचा प्रश्नपण सुटला. तबला एका सुरात लावलेला असतो, दर गाण्याला पट्टी बदलायची म्हणजे दर वेळी हातोडी घेऊन बसायचं, तोवर बैठक थंड पडते. त्यापेक्षा खंजिरी, चिपळ्या, टाळ. यांना पट्टी नाही. ठेके तरी किती लागतात, आठ मात्रांचा भजनी नाहीतर केरवा आणि सहा मात्रांचा दादरा, एवढ्यात सगळी यादी उरकते.

२४ जानेवारी

शब्दांचं काय करायचं यावर घरात भरपूर चर्चा. लेक म्हणायली ग्रुपवर पीडीएफ टाकू, सगळे फोनमध्ये बघतील. मला ते नकोय. फोनमध्ये बघणारा माणूस मान खाली घालून गातो, आवाज मांडीवर पडतो, आणि मधेच मेसेज आला की गेला तो. झेरॉक्सचे कागद बरे, पण त्यातबी मान खालीच.

शेवटी सुचलं ते संतकवी दासोपंतांमुळं. आपल्याच गावात पंतांची पासोडी आहे, अख्खा ग्रंथ कापडावर लिहिलेला, लहानपणी शाळेतून दाखवायला नेलं होतं. तसं पांढऱ्या पलंगपोसावर जाड मार्करनं फक्त ध्रुवपदं लिहायची आणि भिंतीला टांगायची. कडवी सांगणारा सांगंल. लेकीनं अक्षर एवढं मोठं काढलंय की समोरच्या भिंतीवरून चष्म्याशिवाय वाचता येतं. दोन पलंगपोस लागले. सगळ्यांचे डोळे वर, हनुवटी वर, आवाज मोकळा. हिंदी गाणी आणि कव्वालीपण देवनागरीतच लिहिली.

२७ जानेवारी

टाळांबद्दल मामांशी बोलणं झालं. मंडळात दहा-बारा जोड्या आहेत, सगळ्या आणू म्हणत होते. बंद हॉलमध्ये दोन जोड्या पुरे, त्याच्या वर गेल्या की शब्द ऐकू येत नाही आणि माणसं टाळाच्या वर जायला म्हणून ओरडायला लागतात. आणि टाळ कुणाच्या हातात द्यायचे हेपण आधी ठरवायचं. गटात गाणं हमखास पळतं, दर कडव्याला थोडं थोडं, शेवटी दम लागतो. लय धरून ठेवणारा एक ठाम हात पाहिजे, तो आमच्या दिरांचा आहे, ते वारीत टाळ धरतात. खंजिरी पोरांकडं, पण दिरांच्या शेजारी बसून.

कोपऱ्यावरच्या चाचांना बोलावलं. त्यांच्याकडं कव्वालीची जुनी आवड, उरूस असला की रात्र रात्र बसायचे. त्यांनी एक चांगली गोष्ट सांगितली, कव्वालीत टाळी हाच ठेका असतो, ज्याला गाता येत नाही त्याला टाळीवर बसवा, दोन गाण्यांनंतर तो आपोआप गाईल.

२९ जानेवारी

खाणं. सुरुवातीला काही द्यायचं नाही, भरल्या पोटी दम पुरत नाही आणि तळलेलं खाऊन तर घसा धरतो. सुरुवातीला फक्त गवती चहा आणि आल्याचा चहा. मधल्या सुट्टीत सुशीला, ती करायला दहा मिनिटं लागतात, मुरमुरे भिजवून फोडणीला टाकायचे, मी गाणं सोडून स्वयंपाकघरात अडकत नाही. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी शेवटी, ते सकाळीच करून ठेवायचे, गार झाले तरी छान लागतात. यजमानीण बैठकीत बसलेली पाहिजे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ती आतबाहेर करत राहिली की पाहुणे पाहुणेच राहतात.

बसायचं गोल. पेटी गोलातच, भिंतीला लावून समोर नाही. गुडघेदुखीवाल्यांना दोन बुटकी स्टुलं, तीपण गोलातच. सोफा बाहेर व्हरांड्यात काढला.

३१ जानेवारी, रात्री

सगळे गेले, भांडी सकाळी. आत्ताच लिहून ठेवते.

सुरुवात कशानं करायची यावर मी खूप विचार केला होता. अभंगानं केलं तर चाचा-चाची, भाभी यांना वाटलं असतं आपण मागून आलो, हिंदी सिनेमाच्या गाण्यानं केलं तर आजींना. म्हणून शाळेत परिपाठाला म्हणायचो त्या समूहगीतानं केलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ते पाठ आहे, कोणालाही कागद लागला नाही, आणि पहिल्याच गाण्याला हॉल भरून आवाज आला. "आता कोण गाणार?" हा प्रश्न मी संध्याकाळभर विचारला नाही. त्या प्रश्नानं सगळ्यांच्या माना खाली जातात. त्याऐवजी पाळी फिरवली, पाळी आली की भिंतीवरच्या यादीतलं गाणं सांगायचं, पुढं सांगायला उभं राहायचं असलं तर तेबी करा, नाहीतर नुसतं नाव घ्या आणि मामा सुरू करतील, काहीच नको असलं तर शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवून पाळी पुढं द्या. पहिल्या फेरीत बऱ्याच जणांनी पुढं दिली. दुसऱ्या फेरीत फारच थोड्यांनी.

कडवं सुरू व्हायच्या आधी पुढच्या ओळीचे दोन-तीन शब्द सांगणाऱ्यानं बोलून टाकायचे, हे फार कामाला आलं. शब्द माहीत नसलेला माणूससुद्धा अर्ध्या ओळीपासून सामील होतो.

एक ओळखीचे दादा आले होते, क्लासिकल शिकलेले, आवाज सुंदर. त्यांनी पाळी आल्यावर पूर्ण नाट्यगीत धरलं, ताना आलापासकट, आणि सगळे एकदम प्रेक्षक झाले. वाईट काहीच नव्हतं, कान तृप्त झाले, पण गोल मोडला. त्यांच्या दुसऱ्या पाळीच्या आधी मी म्हणलं, "दादा, यावेळी मुखडा आम्हाला शिकवा ना, आम्ही धरतो, तुम्ही वर फिरा." त्यांना ते इतकं आवडलं, एकेक ओळ तीनतीनदा म्हणून घेतली, आमची जागा चुकत होती ती हातानं दाखवली, आणि मग खाली आम्ही सगळे मुखडा धरून आणि वर त्यांची तान, माझ्या अंगावर काटा आला. शिकलेल्या गळ्याला बैठकीत असं काम दिलं की त्याचाबी मान राहतो आणि सगळ्यांचाबी.

आजींची ओवी सुट्टीच्या आधी झाली. मांडीवर थाप, सावकाश, मामांनी हात जोडून पेटी बंद करून बाजूला ठेवली. आजी एक ओळ म्हणायच्या, आम्ही धरायचो. चार ओव्या झाल्यावर चाचींनी आपल्या माहेरचं, दळतानाच म्हणायचं दखनीतलं गाणं काढलं, त्याची लय आणि ओवीची लय जवळजवळ एकच, आजींनी थाप मोडलीच नाही, तशीच चालू ठेवली.

सुट्टीनंतर आराधी गाणी, भीमगीतं, मग कव्वाली. चाचांनी गोलाचे दोन भाग केले, एकानं मिसरा, म्हणजे ओळ म्हणायची, दुसऱ्यानं उचलायची, टाळी सगळ्यांची. वरून बारावीचा पोरगा जो चहाला म्हणून आला होता तो टाळीवर बसला तो शेवटपर्यंत. नऊला पाच कमी असताना भैरवी धरली, यादीतली पाच गाणी उरली, उरू देत.

१ फेब्रुवारी

सकाळी भांडी घासता घासता जाऊबाईंशी बोलणं झालं, त्यांच्या मनातलं आणि माझं एकच निघालं. पलंगपोसावरची तिसरी रांग उजेडात नव्हती, पुढच्या वेळी तो ट्यूबच्या समोर टांगायचा. पोरांना सुट्टीनंतर झोप येते, त्यांची पंचमीची गाणी आधी घ्यायला हवीत. पांढरी सात खरंच चालली, फक्त एका भीमगीताला बायका म्हणल्या अजून अर्धा सूर खाली घ्या, वहीत काळी पाच करून ठेवलं. दोन जोड टाळ पुरले.

आणि एक, आमच्या सासूबाई आज सकाळपासून स्वयंपाकघरात काल शिकलेला तो मुखडा म्हणायल्यात, जागा बरोबर घेतायत.

४ फेब्रुवारी

पेटी काल मंगळवारी मंडळात पोचवली. पुढची बैठक चाचांकडं, रमजान आणि परीक्षा झाल्यावर, त्यांच्या वाड्यात मधला चौक आहे, तिथं पंचवीस जण गोलात बसतील, पण वरून उघडा आहे म्हणून आवाज कसा राहतो ते आधी चार जणांनी गाऊन बघायचं. चाचींच्या दळणाच्या गाण्याचे शब्द त्या सांगतील तसे देवनागरीत लिहून घ्यायचेत, आजींच्या ओव्या लेक फोनवर रेकॉर्ड करणार. दादांनी महिन्यातून एक संध्याकाळ मुखडे शिकवायला यायचं कबूल केलंय. पलंगपोस अजून दोन आणायचे.